आधी करवत बाजूला ठेवा

जुनी मोटारसायकल आपल्या मनासारखी करून घ्यायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी ग्राइंडरकडे जातो. चेसिसचा मागचा भाग कापायचा, मडगार्ड अर्धं करायचं, सायलेन्सरच्या पोटातली जाळी उपटून फेकायची. एका संध्याकाळीत गाडीचं रूप पालटतं, फोटो छान येतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी ताडपत्रीखाली जाऊन बसते. अशा गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटली आहे. घरच्या गॅरेजमध्ये जुन्या गाडीत बदल जरूर करावेत, हौसेने करावेत. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या यंत्रात केलेला प्रत्येक बदल असा असावा की पाना घेऊन बसलं तर गाडी पुन्हा होती तशी उभी करता यावी. नट-बोल्टने बसवलेलं काढता येतं. कापलेलं परत येत नाही, कारण ते बनवणारा कारखानाच आता उरलेला नाही.

उदाहरणासाठी जावा-येझदी घेऊ. आपल्याकडे अंगणात, पार्किंगच्या कोपऱ्यात, गावच्या घराच्या पडवीत सर्वांत जास्त सापडणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी ही एक. शिवाय तिचं इंजिन टू-स्ट्रोक: वाल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाहीत. घरी उघडून समजून घेता येईल असं इंजिन यापेक्षा दुसरं सुचवणं कठीण.

प्रागच्या फ्रान्टिशेक यानेचेक यांनी 1929 साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय विकत घेतला आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून जावा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात चेकोस्लोव्हाकिया जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी लपूनछपून एक नवी 250 सीसी गाडी तयार केली आणि युद्ध संपल्यावर 1946 मध्ये ती जगासमोर आणली. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटण्याची सोय तिच्यात होती. मुंबईत जावा आयात करून विकणारे रुस्तम इराणी यांनी पुढे म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. तिथून 1961 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात नाव येझदी झालं, 1978 मध्ये रोडकिंग आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे म्हैसूरची सर्वांत तरुण येझदीसुद्धा आज तिशीच्या घरात आहे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात तिचे भाग मिळतात, पण त्यातले बरेच नंतर कुणीतरी बनवलेले. मूळ माप, मूळ धातू आणि मूळ उष्णतासंस्कार असलेला भाग ज्याच्या गाडीत शाबूत आहे, त्याने तो जपायला हवा.

उघडण्याआधी वाचायचं

गाडी घरी आली की पहिलं काम फोटो काढण्याचं. वायरी कुठून कुठे जातात, केबल हँडलच्या पुढून गेली आहे की मागून, वॉशर कोणत्या बाजूला आहे, हे महिन्याभराने आठवत नाही. प्रत्येक जोडणीचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. गंजून बसलेल्या बोल्टवर जोर करू नये. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, दुसऱ्या दिवशी आधी थोडं घट्ट करून मग सोडवावं. बोल्ट किंचित घट्ट करताना गंजाची पकड तुटते आणि मग तो सहज उलटा फिरतो. इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं आहे. त्यातली चुडी एकदा गेली की दुरुस्तीला आख्खी सुट्टी जाते.

या इंजिनाची एक गंमत आधीच सांगून ठेवतो. डाव्या बाजूला जी लिव्हर दिसते ती गिअरची. तीच आत दाबून वर फिरवली की तिची किक होते. नवख्या मेकॅनिकने किक शोधत गाडीभोवती फेरी मारल्याचं दृश्य जावावाल्यांना नवं नाही. पण या सोयीमागे क्लच उचलणारी आतली रचना आहे आणि क्लचचं समायोजन चुकलं की गिअर आणि किक दोन्ही कुरकुर करतात. म्हणून क्लच कव्हर उघडण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल हाताशी हवं आणि क्लच ओढून काढण्याचा खास पुलर हवा. पुलर नाही म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणाऱ्याच्या हाती क्लचसोबत केसिंगची वाकलेली कडही येते.

आता सिलिंडर. हेड उतरवा, सिलिंडर हळूच वर उचला, आणि तो पूर्ण निघण्याआधी खालच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबा, म्हणजे तुटलेल्या रिंगचा तुकडा आत पडणार नाही. मग पिस्टन उजेडात धरून पाहा. त्याच्या माथ्यावर पसरलेला तांबूस-तपकिरी कार्बन चांगला. ओला, डांबरासारखा काळा थर असेल तर पेट्रोल जास्त जात होतं किंवा तेल जास्त पडत होतं. राखाडी-पांढरी, किंचित खाल्लेली कड दिसली तर मिश्रण पातळ होतं किंवा टायमिंग फार पुढे होतं. मग अंगावरच्या रेषा पाहायच्या. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर त्या बाजूची उष्णता आणि तेलाची कमतरता कारणीभूत. चारही बाजूंना सारखे ओरखडे असतील तर सिलिंडर बोअर करताना फट कमी ठेवली गेली होती. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पिस्टन आणि सिलिंडर यांत ठरावीक फट ठेवावीच लागते; ती एक दशांश मिलिमीटरहूनही कमी असते. या गणितात अंदाजाला जागा नाही.

म्हणूनच कोल्हापूरच्या उद्यमनगरातला असो की पुण्यातला, जाणता टर्नर आधी पिस्टन मागतो.

"काका, हा सिलिंडर. पुढच्या साइजला बोअर मारायचाय."

"पिस्टन आणलाय का? आधी पिस्टन आणा. पिस्टन मोजून बोअर मारायचा, बोअर बघून पिस्टन आणायचा नाही."

त्याचं बरोबर आहे. 'पाव मिलिमीटर ओव्हरसाइज' असं डब्यावर छापलेलं असतं, पण दोन कंपन्यांच्या त्याच मापाच्या पिस्टनमध्ये फरक निघतो. हातातल्या पिस्टनला बेतूनच सिलिंडर व्हायला हवा. रिंगा बसवताना आणखी एक गोष्ट पाहायची. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगेच्या खाचेत बारीक पिन असते आणि रिंगेचं तोंड तिथेच बसवावं लागतं. रिंग फिरून तिचं टोक पोर्टमध्ये अडकू नये म्हणून ती पिन. ती न पाहता सिलिंडर ठोकून बसवला की रिंग तिथल्या तिथे तुटते.

क्रँकचं काम मात्र घरी करू नये. दाबून बसवलेले क्रँकचे भाग सुटे करणं, नवा कनेक्टिंग रॉड घालणं आणि परत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सरळ आणणं, याला प्रेस आणि डायल गेज लागतं. शिवाय ते सतत करणारा हात लागतो. पण क्रँक बाहेर काढला असेल तर दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदलूनच परत आत घालावा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती पेटी नसते. पिस्टन वर जाताना तिथे कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढलं जातं, खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा पंप आहे आणि सील हे त्याचे बूच. जावात डावा सील गेला की बाजूच्या गिअर ऑइलचा धूर होऊ लागतो आणि ऑइल कुठे जातंय ते कळत नाही. उजवा, डायनॅमोकडचा सील गेला की इंजिन हवा घेतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. मालक महिनोन्‌महिने कार्ब्युरेटरचं जेट बदलत राहतो आणि दोष असतो एका रबरी कडीत.

नळीतला प्रतिध्वनी

बदल करणाऱ्यांचा सर्वांत मोठा बळी सायलेन्सर. येझदीच्या एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट असतात, दोन लांब नळकांडी मागपर्यंत जातात आणि त्यांचा तो विशिष्ट आवाज निम्म्या लोकांच्या प्रेमाचं कारण असतो. जाळी काढली की आवाज आणखी मोठा होतो. पण गाडी मंदावतेही. ती का मंदावते, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ही गोष्ट समजलेला माणूस पुन्हा सायलेन्सरला हात लावताना विचार करतो.

टू-स्ट्रोक इंजिनात एक अडचण जन्मजात आहे. जळालेला वायू बाहेर जाण्याचं दार आणि ताजं मिश्रण आत येण्याचं दार काही काळ एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातो. हे नुकसान कमी करायचं तर एक्झॉस्टच्या नळीतच उपाय दडलेला आहे. दार उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. नळी जिथे रुंद होते तिथून उलट्या प्रकारची, ओढणारी लाट परत येते आणि उरलेला धूर बाहेर खेचते. नळी जिथे पुन्हा आवळते तिथून ढकलणारी लाट परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण दार बंद होण्याच्या ऐन वेळी आत लोटते.

या लाटांचा वेग काढून बघा. तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे 500 मीटर जातो. जावाच्या 250 सीसी इंजिनाची कमाल शक्ती, सुमारे 12 अश्वशक्ती, 4750 फेऱ्यांच्या आसपास मिळते. त्या वेगाला क्रँक सेकंदात जवळपास 80 वेळा फिरतो. एक्झॉस्टचं दार समजा 150 अंश फिरेपर्यंत उघडं राहिलं, तर त्याला मिळालेला वेळ सेकंदाच्या 5 हजारांशांहून थोडा जास्त. तेवढ्या वेळात लाट जाऊन-येऊन अडीच मीटरच्या वर जाते, म्हणजे एका बाजूने साधारण सव्वा मीटर. मोटारसायकलीच्या पुढच्या पोर्टपासून मागच्या टोकापर्यंतची लांबी याच घरातली आहे हे लक्षात आलं की नळी कापणं म्हणजे काय, ते कळतं. जावाचा मूळ सायलेन्सर शर्यतीचा नाही, त्याचं पोट आणि जाळ्या आवाज मारण्यासाठीच आहेत. तरी नळीची लांबी, पोटाची जाडी, जाळीचा अडथळा आणि कार्ब्युरेटरमधलं जेट हे एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. जाळी काढली, अडथळा कमी झाला, की मिश्रण पातळ होतं. खालच्या वेगात ओढ जाते. आणि जेट न बदलता चढावर गाडी दामटली तर पिस्टन जाम होतो.

या विद्येचा इतिहास रहस्यकथेला शोभेल असा आहे. पूर्व जर्मनीतल्या च्चोपाउ गावी एमझेड या कारखान्यात वाल्टर काडेन नावाचा अभियंता होता. युद्धकाळात त्याने पेनेम्युंडेच्या अस्त्रसंशोधन केंद्रात काम केलेलं. पन्नासच्या दशकात तुटपुंज्या साधनांवर त्याने एक्झॉस्टच्या लाटा अभ्यासून फुगीर पोटाची आणि मागे आवळलेली नळी अशी बेतली की 1961 पर्यंत त्याचं 125 सीसीचं रेसिंग इंजिन 25 अश्वशक्ती देऊ लागलं. लिटरमागे 200 अश्वशक्ती हा टप्पा त्याआधी हवा न कोंबलेल्या कुठल्याच इंजिनाने गाठला नव्हता. त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर त्या वर्षी जगज्जेतेपदाच्या अगदी जवळ होता. सप्टेंबर 1961 मध्ये स्वीडनच्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीत त्याचं इंजिन बिघडलं आणि त्यानंतर तो पूर्व जर्मनीला परतलाच नाही. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता. त्याच्या कुटुंबालाही गुपचूप पश्चिमेकडे आणण्यात आलं. डेग्नर जपानला सुझुकीकडे गेला आणि काडेनची विद्या त्याच्याबरोबर गेली. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, डेग्नरने सुझुकीला 50 सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. एका पत्र्याच्या नळीच्या आकाराचं गुपित घेऊन माणसाने देश सोडला आणि एका उद्योगाचं भवितव्य बदललं. काडेन मात्र एमझेडमध्येच राहिला. त्याचं नाव आपल्याकडे आणखी लोकांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तर सायलेन्सरचं करायचं काय? साफ करायचा. टू-स्ट्रोकच्या जाळीवर चिकट कार्बन साठतो आणि भोकं बुजतात. 'गाडी ओढत नाही' या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी इथेच संपतात. जाळी बाहेर काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवली की कार्बन सुटतो. मात्र हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवी. सोड्यात पाणी ओतू नये, पाण्यात थोडा थोडा सोडा टाकावा. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात जाता कामा नये, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. वेगळा आवाज, वेगळं रूप हवंच असेल तर मूळ सायलेन्सर तेल लावून कापडात गुंडाळून ठेवा आणि दुसरी जोडी बसवा, जेट तिला बेतून घ्या.

सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा

ज्या बदलाला मी बिनदिक्कत हो म्हणतो तो विजेचा. जुन्या जावाचं सगळं काम 6 व्होल्टवर. रात्री हेडलाइट लावला की समोरच्याला गाडी दिसते, चालवणाऱ्याला रस्ता दिसत नाही.

कारण सोपं आहे. 35 वॉटचा दिवा 6 व्होल्टवर जवळपास 6 अँपिअर ओढतो, 12 व्होल्टवर 3. जुन्या वायरी, गंजलेले जोड आणि स्विच यांचा मिळून दशांश ओहम अडथळा धरला, तर 6 व्होल्टच्या गाडीत वाटेतच 0.6 व्होल्टच्या आसपास दाब खर्च होतो, म्हणजे दहा टक्के. तापलेल्या तारेच्या दिव्याचा उजेड दाबाच्या मानाने फार वेगाने घसरतो. दाब दहा टक्के कमी झाला की उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. तोच अडथळा 12 व्होल्टच्या गाडीत असेल तर घट अडीच टक्क्यांच्या आत राहते आणि उजेड आठेक टक्केच कमी होतो. म्हणून 12 व्होल्ट करण्याआधीही एक रविवार अर्थिंगला द्यावा. बॅटरी ते चेसिस, इंजिन ते चेसिस, हेडलाइटचा डोम, प्रत्येक ठिकाणी रंग खरवडून उघडा धातू काढायचा, घट्ट बसवायचं आणि वर ग्रीस लावायची. कितीतरी जुन्या गाड्या एवढ्यावरच उजळतात.

पुढचं पाऊल डायनॅमोच्या जागी बसणाऱ्या 12 व्होल्टच्या मॅग्नेटो-जनरेटरचं. जावाच्या मायदेशातली, चेक प्रजासत्ताकातली वापे ही कंपनी असे संच बनवते. त्यात सीबी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन येतं. पॉइंटची सुमारे 0.4 मिलिमीटरची फट दर काही महिन्यांनी पाहण्याची कटकट जाते, टायमिंग सरकत नाही. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे हे सगळं क्रँकच्या टोकाला मूळ जागीच बसतं. कव्हर लावलं की बाहेरून काही कळत नाही, आणि हवं तेव्हा जुना डायनॅमो परत चढवता येतो. वायरिंग नवं करताना मात्र फ्यूजची संख्या वाढवा. जुन्या गाडीच्या टाकीखाली वायर घासून पेटली तर वर पेट्रोल आहे, हे विसरून चालत नाही.

टाकी आणि आजचं पेट्रोल

टाकी आतून गंजलेली असते हे धरूनच चालावं. घरी करता येण्यासारखा उपाय लिंबूसत्वाचा: कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरायची, एक-दोन दिवस ठेवायची, मग ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळायची आणि लगेच वाळवून तेल फिरवायचं. वाळवायला उशीर झाला तर तासाभरात पुन्हा तांबडी पूड दिसते. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. हे काम रेडिएटर-टाकीवाल्या कारागिराकडे द्यावं. बाजूंचं क्रोमही घरी करू पाहू नये. त्याखाली निकेलचा, बऱ्याचदा तांब्याचाही थर असतो आणि क्रोमियमची आम्लं विषारी असतात.

खरा प्रश्न नव्या पेट्रोलचा आहे. आपल्याकडे आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यातलं काही इथेनॉल महाराष्ट्राच्या उसातून येतं. शेतकऱ्याच्या बाजूने त्याचं स्वागतच. पण 1970 च्या गाडीला ते कुणी विचारून दिलेलं नाही. इथेनॉलच्या रेणूत वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट, इथेनॉलला 9 पट. जुनं कार्ब्युरेटर मात्र हवा तेवढीच देतं. परिणाम मिश्रण पातळ होण्यात होतो आणि पातळ मिश्रणाला टू-स्ट्रोक लगेच शिक्षा देतो. तेव्हा मेन जेट एक-दोन नंबर मोठं करून प्लगचा रंग पाहावा. कॉकमधलं जुनं बूच, रबरी नळी, कार्ब्युरेटरचं पॅकिंग हे सारं इथेनॉल सोसणारं घालावं. इथेनॉल हवेतली ओल पितं आणि पाणी जास्त झालं की ते दोघं पेट्रोलपासून सुटे होऊन तळाशी बसतात. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामं करून ठेवावं. तेल मूळ शिफारशीप्रमाणे लिटरला 40 मिलिलिटर, तेही पंपावर टाकीत ओतून हलवलेलं नव्हे, आधी डब्यात मिसळलेलं.

रूप, आणि कायद्याची रेघ

कॅफे रेसर हा प्रकार ब्रिटनमध्ये पन्नास-साठच्या दशकात रुजला. लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी तरुण मुलं आपल्या गाड्या हलक्या करत. नॉर्टनच्या चौकटीत ट्रायम्फचं इंजिन बसवून केलेली ट्रायटन ही त्यांची आवडती जोडी. त्यांच्याकडे कारण होतं: वेग. आपण त्यांचं फक्त रूप उचललं तर हाती येतो आखूड मडगार्डमधून पाठीवर उडणारा चिखल. जावाची मागची चेन पूर्ण बंद डब्यात असते. 'स्पोर्टी' दिसावं म्हणून तो डबा काढणाऱ्यांनी एक पावसाळा कोकणात काढून पाहावा. त्या डब्यामुळे चेन वर्षानुवर्षं टिकते आणि मला तो गाडीचा सर्वांत देखणा भागही वाटतो.

पण सिंगल सीट मूळ भोकांवर ब्रॅकेट घेऊन बसवता येते, हँडल बदलता येतं, ब्रेकला नवं लायनिंग आणि ड्रमला बेतलेला गोलावा देता येतो, रंग आपल्या आवडीचा करता येतो. या सगळ्याने गाडी पुरेशी आपली होते. जुनं लायनिंग काढताना त्याची पूड फुंकून उडवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आणि कायदाही याच बाजूला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडी निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर नेण्यास मनाई करतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रंग बदलला तर आरसीत नोंद हवी, इंजिन बदलायचं तर आरटीओची मान्यता हवी. पुनर्नोंदणीला गेलं की तिथे चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. रंगाऱ्याने तिथे लांबी भरून गुळगुळीत केलं असेल किंवा चौकट घासताना आकडा पुसट झाला असेल, तर पुढचे हेलपाटे तुमचे. रंगाला गाडी देण्याआधी त्या जागेवर टेप लावून घ्या.

जुलै 2021 पासून आणखी एक दार उघडलं आहे. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेली, चेसिस आणि इंजिन मूळ असलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरणाला 5,000, आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शनं, रॅली, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. 1970 ची जावा आज या दारातून आत जाऊ शकते. तिची चौकट कुणी कापली असेल तर नाही. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, वाकडा असला तरी, चिठ्ठी लावून पेटीत राहू द्या.

पहिले पाचशे किलोमीटर

इंजिन पहिल्यांदा सुरू कराल ते उघड्यावर, दार बंद असलेल्या गॅरेजमध्ये नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थोडं तापलं की बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट पुन्हा आवळा. नव्या पिस्टनवर पहिले पाचशे किलोमीटर एकाच वेगाने चालवू नका. वेग थोडा वाढवा, थोडा कमी करा, इंजिन ओढत ठेवू नका. तेवढं अंतर झालं की सपाट रस्त्यावर थोडा वेळ भर वेगात जाऊन एकदम इग्निशन बंद करून क्लच दाबा, कडेला थांबा आणि प्लग काढून पाहा. रंग फिकट, खडूसारखा दिसला तर पुढे न जाता घरी या आणि जेट मोठं करा.

आणि घाट. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, म्हणून थ्रॉटल बंद करून इंजिनच्या ब्रेकवर लांब उतार उतरलात तर इंजिन वेगाने फिरत असतं आणि तेल जवळपास मिळत नाही. दुचाकीला द्रुतगती मार्गावर बंदी असल्यामुळे पुण्याहून मुंबईला जुन्या रस्त्याने खंडाळा उतरावा लागतो, आणि महाडकडे जाताना वरंधा लागतो. दोन्ही उतार लांब आहेत. दर काही सेकंदांनी थ्रॉटल क्षणभर उघडा, किंवा क्लच दाबून ब्रेकवर उतरा. ब्रेकला नवं लायनिंग घातलं असेल तर ते आधी सपाट रस्त्यावर बसवून घ्या, मगच घाटात न्या.